घड्याळाच्या आधी आईने मोजलं होतं

आमच्या घरात बाबांचं घोरणं हा पाहुण्यांना ऐकवायचा विषय होता. 'ह्यांच्याकडे रात्री ट्रॅक्टर चालतो' असं शेजारच्या काकू म्हणायच्या. पुण्याचा मामेभाऊ सुट्टीत आला की कुंभकर्णाची नक्कल करून दाखवायचा, आणि सगळ्यांत मोठ्याने बाबाच हसायचे. हसायची नाही ती एकटी आई.

आई म्हणायची, "घोरणं ऐकू येतंय तोवर मला भीती नाही. ते थांबतंय की, तेव्हा मी उठून बसतो." (आमच्या बेळगावात बायकाही 'मी उठतो, मी जातो' म्हणतात, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. पुण्याच्या मामीला मात्र अजून त्याचं हसू येतं.) आई उठून बसायची आणि अंधारात मोजायची. दहा, पंधरा, वीस, कधी तीसच्याही पुढे. मग बाबा विहिरीतून वर आल्यासारखा एकदम मोठा श्वास ओढायचे, कूस बदलायचे आणि पुन्हा घोरायला लागायचे. सकाळी आई हे सगळं सांगायची. मी बीएस्सीची विद्यार्थिनी, शरीरशास्त्राचा पेपर चांगल्या मार्कांनी सोडवलेली. मी काय म्हणायची? "आई, तू पण ना, उगीच काहीतरी."

बाबा टेम्पो चालवतात. बेळगावच्या मार्केट यार्डातून भाजी भरायची आणि रात्री दीडच्या सुमाराला निघायचं. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी असं करत उजाडायच्या आत म्हापशाला पोचायचं. गोव्यात सकाळी नऊ वाजता जी कोबी-टोमॅटोची जुडी-टोपली दिसते, तिच्यामागे अशी अनेक माणसांची रात्र असते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात चोर्ल्याच्या उतारावर बाबांचा डोळा लागला. शेजारी बसलेल्या क्लीनरने स्टेअरिंग ओढलं म्हणून टेम्पो दगडी कठड्याला घासून थांबला. भाजीचं नुकसान झालं, माणसं वाचली. बाबांनी घरी सांगितलं, "ब्रेक जरा कमी लागला." खरी गोष्ट क्लीनरच्या तोंडून आम्हाला सहा महिन्यांनी कळली.

त्याच दिवाळीत मामेभावाने नवीन घड्याळ आणलं. रात्रभर रक्तातला ऑक्सिजन मोजायची सोय त्यात होती. गंमत म्हणून त्याने ते बाबांच्या मनगटावर बांधलं. सकाळी फोनवर आलेख उघडला तो करवतीच्या दातांसारखा. आकडा 95 वरून 80 च्या घरात, परत वर, परत खाली, रात्रभर तेच. मामेभावाचा चेहरा उतरला. बाबा गप्प झाले. मी घाईघाईने पुस्तक काढलं. आठवड्याच्या आत आम्ही दवाखान्यात होतो.

आई एवढंच म्हणाली, "मी सात वर्षं सांगतो. एका रात्रीत ते घड्याळ खरं झालं काय?"

मला या लेखात जे म्हणायचं आहे ते आईच्या या एका प्रश्नातून आलेलं आहे. माझं म्हणणं सरळ आहे. घड्याळाने शंका दाखवली तर डॉक्टरकडे जा, उशीर करू नका. पण घड्याळ गप्प राहिलं आणि शेजारी झोपणारं माणूस 'श्वास थांबतो' म्हणत असेल, तर त्या माणसाचं ऐका. मशीन गप्प आहे म्हणून माणसाला गप्प करू नका.

नेमकं काय होतं

बाबांना झालेल्या आजाराचं नाव स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. ते सगळ्यांचेच पडतात. पण काहींचा घसा इतका आवळतो की हवेची वाटच बंद होते. छाती श्वास घ्यायचा प्रयत्न करत राहते, हवा मात्र आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जाग आणतो, घसा उघडतो, आणि झोप पुन्हा सुरू होते. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. म्हणून रोगी शपथेवर सांगतो, "मला चांगली झोप लागते." त्याच्या दृष्टीने तो खरंच बोलत असतो.

डॉक्टर मोजतात ते असं. श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला तर एक खाडा. श्वास पूर्ण न थांबता बराच मंदावला आणि ऑक्सिजन उतरला, तर तोही धरतात. तासाला असे पाचपेक्षा कमी असतील तर ठीक. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीस आणि त्यापुढे तीव्र. बाबांचा आकडा आला 38. म्हणजे दर दीड मिनिटाला कुणीतरी गळा दाबून सोडून द्यावं, तसं. असा माणूस पाच तास झोपून उठला तरी झोपलेला नसतो. त्याला आपण पहाटे चोर्ल्यात गाडी चालवायला पाठवत होतो.

हे फक्त आमच्या घरातलं नाही. 2019 साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने अंदाज मांडला की 30 ते 69 वयोगटातल्या जगभरच्या 93 कोटींहून जास्त लोकांना कमी-अधिक प्रमाणात हा त्रास आहे. 2022 च्या फेब्रुवारीत बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी कारण म्हणून हेच नाव सांगितलं होतं. तेव्हा आपण त्यांची गाणी स्टेटसला लावली. आजाराचं नाव वाचून पुढे गेलो.

आणि हा फक्त लठ्ठ, वयस्क माणसांचा आजार आहे असंही नाही. वजनाने धोका वाढतो हे खरं, दारूने आणि झोपेच्या गोळ्यांनीही वाढतो. पण जबडा मागे असेल किंवा टॉन्सिल मोठे असतील तर बारीक माणसालाही होतो. आपल्या हॉस्टेलमध्ये ज्याला सगळे 'इंजिन' म्हणतात आणि जो पहिल्या तासाला हमखास डुलक्या घेतो, त्याला आळशी ठरवायच्या आधी एकदा विचार करा.

साहित्याने आधी पाहिलं

आपलं मंडळ साहित्याचं, म्हणून एक गोष्ट सांगते. चार्ल्स डिकन्सची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी 1836-37 मध्ये क्रमशः छापली गेली. तिच्यात जो नावाचा एक जाडा पोरगा आहे. काम करता करता, दारावर थाप मारता मारता तो झोपतो आणि घोरतो. वाचक शंभर वर्षं त्याला हसले. 1956 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लठ्ठपणा, दिवसा अनावर झोप आणि अपुरा श्वास असलेल्या एका रुग्णाचं वर्णन लिहिलं, आणि त्या अवस्थेला नाव दिलं 'पिकविकियन सिंड्रोम'. झोपेत श्वास थांबतो ही गोष्ट युरोपातल्या संशोधकांनी नोंदी घेऊन दाखवली ती 1965 मध्ये.

म्हणजे लेखकाने नुसत्या डोळ्यांनी जे पाहिलं, त्याला विज्ञानाचं नाव मिळायला सुमारे एकशे वीस वर्षं गेली. डिकन्सकडे मशीन नव्हतं. त्याने माणसाकडे नीट बघितलं. आमच्या आईनेही तेच केलं. फरक इतकाच की डिकन्सचं लोकांनी वाचलं.

घड्याळ काय बघतं

आता घड्याळाकडे येऊ. कारण पुष्कळांना वाटतं की घड्याळ श्वास मोजतं. मनगटावर श्वास नसतो. घड्याळ दुसरंच काहीतरी बघतं आणि त्यावरून श्वासाचा अंदाज बांधतं.

एक पद्धत ऑक्सिजनची. ऑक्सिजन असलेलं रक्त आणि नसलेलं रक्त लाल व इन्फ्रारेड प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. 1974 मध्ये जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी नाडीच्या ठोक्याबरोबर होणारा हा बदल टिपायची युक्ती शोधली. कोरोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावलेली क्लिप तिथूनच आली. क्लिपमध्ये प्रकाश बोटाच्या आरपार जातो. घड्याळात तो मनगटावर पडून परत येतो, म्हणून काम जास्त अवघड होतं. पट्टा सैल असेल, हात गार पडला असेल, हात अंगाखाली दाबला गेला असेल, तर आकडा डळमळतो.

यात आपल्यासारख्या सावळ्या लोकांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. 2020 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. क्लिप 'ऑक्सिजन ठीक' दाखवत होती, पण प्रत्यक्ष रक्त तपासल्यावर तो कमी निघाला, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडलं होतं. ही तर हॉस्पिटलमधली क्लिप. त्वचेचा रंग प्रकाशाच्या आड येतो, आणि यंत्र ते आपल्याला सांगत नाही.

दुसरी पद्धत हालचालीची. श्वासाबरोबर मनगटही अगदी बारीक हलतं. रात्रभरच्या त्या हालचालीत व्यत्यय किती आले, ते घड्याळ नोंदवतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2024 च्या फेब्रुवारीत सॅमसंगच्या आणि सप्टेंबरमध्ये ॲपलच्या घड्याळातल्या ॲप्नियाच्या सोयीला परवानगी दिली. सॅमसंग ऑक्सिजनवरून अंदाज बांधतं, ॲपल हालचालीवरून. सॅमसंगला दहा दिवसांत चार तासांहून जास्त झोपेच्या दोन रात्री लागतात. ॲपल तीस दिवसांचा हिशोब बघतं, आणि त्यात निदान दहा रात्रींची नोंद असावी लागते.

ॲपलने आपल्या चाचणीचे आकडे स्वतःच जाहीर केलेत, ते वाचण्यासारखे आहेत. ज्यांना मध्यम किंवा तीव्र आजार नव्हता अशा शंभरांपैकी जेमतेम एक-दोघांना सूचना गेली. म्हणजे सूचना आली तर ती हसण्यावारी नेऊ नये. पण ज्यांना मध्यम किंवा तीव्र आजार होता, अशा शंभरांपैकी सुमारे 66 जणांनाच सूचना गेली. उरलेल्या 34 जणांच्या मनगटावर घड्याळ गप्प होतं. तीव्र आजारात ते बरंच भरवशाचं निघालं, मध्यम आजारात मात्र निम्म्याहून जास्त माणसं सुटली.

हे घड्याळाचं पाप नाही. चुकीची घबराट कमी व्हावी म्हणून चाळणी मुद्दाम अशी ठेवलेली आहे, आणि ही सूचना म्हणजे रोगनिदान नव्हे असं कंपन्याही सांगतात. पाप होतं ते आपल्या डोक्यात. 'सूचना आली नाही' या वाक्याचं आपण 'आजार नाही' असं भाषांतर करतो. ही दोन वाक्यं एक नाहीत.

गप्प घड्याळाची गोष्ट

हे मी उदाहरणावरून सांगते. आपल्या मंडळाचे एक जुने सदस्य, निवृत्त शिक्षक, यांनी नाव न घालण्याच्या अटीवर ही गोष्ट लिहायला परवानगी दिली. मुलाने परदेशातून पाठवलेलं महागडं घड्याळ ते रोज रात्री घालून झोपत. बाई तक्रार करायच्या, "तुमचा श्वास अडकतो." सर फोन पुढे करायचे. "हे बघ, महिना झाला, एक सूचना नाही. तुझ्यापेक्षा हे जास्त जागं असतं." वाद मिटला.

पुढे हर्नियाच्या ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सरांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. तिसऱ्या प्रश्नाला सर नेहमीप्रमाणे 'नाही' म्हणाले आणि मागून बाई म्हणाल्या, "हो." डॉक्टरांनी सरांकडून नजर काढली आणि पुढचं सगळं बाईंना विचारलं. ऑपरेशन पुढे ढकलून तपासणी केली. आकडा 22, म्हणजे मध्यम. सर मला म्हणाले, "घड्याळ खोटं बोललं नाही. ते बोललंच नव्हतं. मी त्याच्या तोंडी शब्द घातले."

आठ प्रश्न

त्या डॉक्टरीणबाईंनी विचारले ते प्रश्न तुम्हीही विचारू शकता. टोरांटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये ते प्रसिद्ध केले. जगभर त्यांना स्टॉप-बँग म्हणतात. प्रत्येक 'हो'ला एक गुण.

बंद दाराबाहेर ऐकू येईल इतकं घोरता का? दिवसा सारखा थकवा किंवा झोप येते का? झोपेत तुमचा श्वास थांबलेला कुणी पाहिला आहे का? रक्तदाब आहे का? उंचीच्या मानाने वजन फार जास्त, म्हणजे बीएमआय 35 च्या वर आहे का? वय पन्नाशीच्या पुढे आहे का? मानेचा घेर 40 सेंटीमीटरपेक्षा जास्त आहे का? पुरुष आहात का?

तीन किंवा जास्त 'हो' आले तर डॉक्टरला विचारावं. पाच किंवा जास्त आले तर टाळू नये. दवाखान्यातून आल्यावर मी शिलाईच्या टेपने बाबांची मान मोजली, 42 भरली. वय 54, रक्तदाबाची गोळी चालू. आठातले सात गुण. फक्त बीएमआयचा गुण हुकला. हे सात गुण काढायला घड्याळ लागलं नव्हतं, चार्जर लागला नव्हता. आईच्या शिलाईच्या डब्यात सगळं होतं.

तिसरा प्रश्न पुन्हा वाचा. 'कुणी पाहिला आहे का?' जगभरचे डॉक्टर ज्या कागदावर भरवसा ठेवतात, त्यात शेजारी झोपणाऱ्या माणसाच्या साक्षीला स्वतंत्र जागा आहे. आमच्या घरात ती नव्हती.

दुसरी बाजू

माझ्यावर दोन आक्षेप येतील. ते मला पटतात, म्हणून आधीच लिहिते.

पहिला, सगळ्यांच्या शेजारी कुणी झोपत नाही. एकटे राहणारे, नोकरीसाठी दूर गेलेले, विधुर, विधवा, हॉस्टेलमधली सिंगल रूमवाली मुलं. त्यांचा श्वास कोण ऐकणार? त्यांच्यासाठी घड्याळ खरोखर मोठी सोय आहे. फोन उशाशी ठेवून रात्रीचा आवाज रेकॉर्ड करणं हीसुद्धा बिनखर्चाची सोय आहे. कुणीच साक्षीदार नसेल तर अर्धवट साक्षीदार चालेल, फक्त तो अर्धवट आहे हे विसरू नये.

दुसरा, घड्याळ नसतं तर बाबा दवाखान्यात गेलेच नसते. हे शंभर टक्के खरं. आकड्यात एक ताकद असते. बायकोचं म्हणणं 'कटकट' होतं, मुलीचं 'शहाणपण' होतं, आलेखापुढे मात्र पुरुष मान खाली घालतो. मी घड्याळाची ऋणी आहे. पण आभार मानताना थोडी लाज वाटते. सात वर्षं फुकट मिळणारी माहिती आम्ही फेकून दिली आणि तीच माहिती काही हजारांच्या वस्तूने दिल्यावर डोक्यावर घेतली. ज्या घरात ते घड्याळ येणारच नाही, त्या घरातल्या आईचं काय?

याच्या उलट टोकही आहे. काही जण रोज सकाळी झोपेचा 'स्कोअर' बघून ठरवतात की आज आपल्याला बरं वाटतंय की नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2017 मध्ये या नादाला 'ऑर्थोसोम्निया' असं नाव दिलं. आकडा चांगला यावा या काळजीने झोपच उडते. आपल्याच वर्गात अशी दोन उदाहरणं मला माहीत आहेत, त्यांनी हसून घ्यावं.

पोटाचा प्रश्न

बाबा डॉक्टरकडे जायला का घाबरत होते, ते शेवटी कळलं. आजाराची भीती नव्हती. "धनी गाडी देणार नाही," ही भीती होती. टेम्पो आमचा नाही. घड्याळाचा आलेख बघून बाबांनी मामेभावाला पहिला प्रश्न विचारला तो असा, "हे आणि कुणाला कळतं काय रे?"

आम्ही त्या प्रश्नाला हसलो होतो. आता नाही हसत. रात्रभरच्या श्वासाची नोंद फोनमध्ये असते, आणि पुष्कळदा कंपनीच्या सर्व्हरवरही असते. उद्या ती कोण मागू शकेल, धनी, विमा कंपनी की आणखी कुणी, हे ड्रायव्हर, वॉचमन आणि रात्रपाळीच्या कामगारांनी विचारलंच पाहिजे. आजार लपवायला लावणारी भीती आजाराइतकीच घातक असते. चोर्ल्याच्या कठड्यावर ती मी पाहिली आहे.

पक्कं निदान घड्याळावर होत नाही. त्यासाठी एक रात्र तपासणी लागते. हॉस्पिटलच्या तपासणीत डोक्याला, डोळ्यांजवळ, छातीला वायरी लावून मेंदूच्या लहरींपासून सगळं टिपतात. घरी करायची तपासणी सुटसुटीत असते. नाकाखाली नळी, छातीला पट्टा, बोटाला क्लिप. बाबांची घरीच झाली. मग मशीन आलं. सिडनीच्या कॉलिन सलिवन यांनी 1981 मध्ये जगापुढे मांडलेली ही कल्पना आहे. नाकावरच्या मास्कमधून हवेचा हलका दाब देत राहायचा, म्हणजे घसा मिटत नाही. इतकी साधी. किंमत मात्र साधी नव्हती, आमचे हप्ते अजून चालू आहेत. पहिले तीन आठवडे बाबा कामावर गेले नाहीत, म्हणजे पगारही नाही. धन्याला त्यांनी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. तो काही वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आधी नीट झोप, मग ये." सगळे धनी असे नसतात, हे मला ठाऊक आहे.

आता बाबा रात्री मास्क लावून झोपतात. सुरुवातीला मास्क ओढून टाकायचे, शिव्या घालायचे. आता म्हणतात की म्हापशाला पोचल्यावरसुद्धा डोकं हलकं असतं. घोरणं बंद झालंय, मशीनची नुसती बारीक सूं-सूं ऐकू येते.

परवा सकाळी चहा घेताना बाबा आईकडे बघून म्हणाले, "तू पण घोरतीस की गो! मला आत्ता ऐकू आलं." आम्ही सगळे हसलो. हसता हसता मला सरांच्या घरचं ते सगळं आठवलं. बायकांचं घोरणं सांगितलं जात नाही, त्यांचा थकवा 'कामाचा' म्हणून सोडून दिला जातो, आणि पाळी गेल्यानंतर त्यांचाही धोका वाढतो. सात वर्षं आई जागी राहून बाबांचा श्वास मोजत होती. तिचा कुणी मोजला नव्हता. तिला झोप मिळते का, हेही कुणी विचारलं नव्हतं.

बाबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "दोन रात्री मी जागतो. मोजून बघतो."

वाचकहो, दिवाळीला घड्याळ घ्यायचं असेल तर जरूर घ्या. पण आज रात्री जेवताना घरातल्या सगळ्यांसमोर एक प्रश्न विचारा. 'माझ्या झोपेबद्दल तुम्ही काही सांगत होता आणि मी ऐकलं नाही, असं आहे का?' हॉस्टेलमध्ये असाल तर रूममेटला विचारा. उत्तर आलं तर हसू नका. आणि तुमच्या शेजारी झोपणाऱ्याचा श्वास अडकत असेल, तर तो तुमच्यावर चिडेल याची पर्वा न करता त्याला सांगा. पुन्हा पुन्हा सांगा.